सोलापूरचे ऊन आणि कुंभारीची घरे

मार्च संपत आला की सोलापुरात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. त्यांच्या जाळ्यांतले जुने गवत निघते, नवे भरले जाते, पंप चालतो की नाही हे पाहिले जाते. कोपऱ्याकोपऱ्यावर कलिंगडांच्या राशी लागतात, माठ रांगेने मांडले जातात. एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जातो, एखाद्या वर्षी 44 लाही टेकतो. दुपारी बारा ते चार शहर जणू दम धरून बसते. ज्यांना बाहेर पडणे भाग आहे ते डोक्याला ओला रुमाल बांधून पडतात. बाकीचे घरात थांबतात. प्रश्न असा, की घर तरी थंड असते का?

हा प्रश्न घेऊन आम्ही अक्कलकोट रस्त्याने निघालो. शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर कुंभारी हे गाव आहे. एके काळी हे दक्षिण सोलापूर तालुक्यातले साधे खेडे होते. आज कामगारांच्या घरांमुळे त्याचे नाव देशभर माहीत झाले आहे.

साठ हजारांचे घर

सोलापूर म्हणजे चादर आणि टॉवेल, हे बाहेरच्यांना ठाऊक असते. पण या शहराची चूल जितकी मागावर पेटली, तितकीच बिडीवरही पेटली. बिडी वळणाऱ्या जवळजवळ सगळ्या बायका. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली भगिनी त्यांत मोठ्या संख्येने आहेत, त्यांच्या शेजारी मराठी आणि कन्नड बोलणाऱ्या आहेत, आणि आपल्या मुस्लिम भगिनीही आहेत. वर्षानुवर्षे या बायका पत्र्याच्या खोलीत, भाड्याने राहत आल्या.

कम्युनिस्ट पुढारी आणि माजी आमदार नरसय्या आडम, ज्यांना सोलापूर आडम मास्तर म्हणते, त्यांच्या पुढाकाराने या बायकांची गृहनिर्माण संस्था उभी राहिली. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव तिला दिले गेले. कुंभारीच्या माळावर दहा हजार घरे झाली. एका घराला साठ हजार रुपये खर्च धरला होता: वीस हजार केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार त्या बाईचे स्वतःचे. 2006 मध्ये तेव्हाचे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचे वाटप झाले.

त्यानंतर त्याच परिसरात रे नगर उभे राहिले. 30,000 घरांच्या या प्रकल्पाची पायाभरणी 9 जानेवारी 2019 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केली आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्यांतली 15,000 घरे त्यांच्याच हस्ते लोकांना मिळाली. यंत्रमाग कामगार, बिडी कामगार, फेरीवाले, कचरा वेचणारे, वाहनचालक असे सगळे त्यात आहेत. पंतप्रधान आवास योजनेतून केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख असे प्रत्येक घराला अनुदान. या योजनेतल्या अशा घराचे चटईक्षेत्र जास्तीत जास्त 30 चौरस मीटर असते, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आत. पहिल्या वसाहतीत बैठी घरे होती. इथे मजल्यांच्या इमारती आहेत.

ज्या बाईने आयुष्यभर घरमालकाची बोलणी ऐकली तिच्या हातात स्वतःच्या दाराची चावी येते, ही गोष्ट मोठी आहे. ती कोणी कमी लेखू नये. पण चावी मिळणे आणि त्या घरात उन्हाळा निभावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्या गोष्टीबद्दल फारसे कोणी बोलत नाही, म्हणून हा लेख.

दिवस सरतो, रात्र सरत नाही

वरच्या मजल्यावरच्या एका घरात आम्ही बसलो होतो. दुपारचे दोन वाजले होते. समोर सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पाने, हातात कात्री. पंखा बंद. उकाड्याने आम्ही घामाघूम झालो तेव्हा त्या आपा हसल्या. पंखा लावला तर तंबाखू उडते आणि पान वाळून चिरते, हे त्यांनी एखाद्या लहान मुलाला समजवावे तसे आम्हाला समजावले. मग म्हणाल्या, “दिन तो कट जाता बाजी, रात नईं कटती.”

या एका वाक्यात सगळे शास्त्र आहे. पत्र्याचे घर दुपारी भाजून काढते, पण पत्रा पातळ असतो, दिवस मावळला की तासाभरात निवतो. काँक्रीटच्या स्लॅबचे तसे नाही. तो दिवसभर ऊन पीत राहतो. दुपारी पत्र्यापेक्षा बरा वाटतो, आणि संध्याकाळपासून साठवलेली उष्णता खाली सोडू लागतो. रात्री बारा वाजता छताखाली हात धरला तरी ऊब जाणवते. पंखा हीच गरम हवा फिरवत राहतो. बैठ्या घरातले कुटुंब अंगणात खाट टाकू शकते. मजल्याच्या इमारतीत गच्ची सगळ्यांची, तिथे पुरुष आणि मुले जाऊन झोपतात. बायका खालीच, बंद दाराआड. म्हणजे जी बाई दिवसा पंखा बंद करून बिड्या वळते, तीच रात्रीही सर्वांत गरम खोलीत झोपते. घर तिचा कारखाना आहे आणि विसाव्याची जागाही तेच. झोप झाली नाही तर दुसऱ्या दिवशी हात मंदावतो, आणि मजुरी तर हजार बिड्यांवर मोजली जाते.

माळवद काय जाणत होते

सोलापूरच्या उन्हात माणसे आजच राहायला आलेली नाहीत. या भागातली जुनी घरे माळवदाची. दगडमातीच्या दोन-तीन फूट जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा पाला आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उजेड यायला आणि धूर जायला छताला साणे. इथे पाऊस वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटरच्या घरात, म्हणून मातीचे सपाट छत चालायचे. पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरली की झाले. दुपारचे ऊन त्या थरातून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची. तोवर घरातली माणसे गच्चीवर निजायला गेलेली असायची.

पण माळवदाची नुसती आठवण काढून उसासे टाकण्यात अर्थ नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हीच जड छते आणि सैल दगडी भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या आणि हजारो जीव गेले. लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांपासून सोलापूर दूर नाही. त्यानंतर लोकांनी माळवदाची धास्ती घेतली आणि सिमेंटचा रस्ता धरला, ते योग्यच होते. फक्त एक गोष्ट त्या घाईत मागे राहिली. छताने माणसाला पावसापासून वाचवायचे असते तसे उन्हापासूनही वाचवायचे असते.

सोलापूरपासून पन्नासेक किलोमीटरवर नळदुर्गचा किल्ला आहे. पावसाळ्यात सोलापूरकर सहकुटुंब तिथे जातात. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात, 1613 मध्ये बांधलेला. वरून पाणी कोसळते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा, थंड हवेत उभा राहतो. बादशाहांना उन्हाळा कसा घालवावा हे कळत होते आणि त्यांच्याकडे दगड, पाणी आणि कारागीर होते. कामगाराकडे यांतले काही नाही. पण तत्त्व तेच आहे: आधी ऊन अडवायचे, मग गारव्याचे बघायचे.

यंत्र दिले, घर तसेच राहिले

हे तत्त्व थंड मुलुखातही लोक शिकत आहेत. ब्रिटनमध्ये नगरपालिका आणि गृहसंस्था गरिबांना कमी भाड्याने जी घरे देतात, त्यांतल्या अनेक घरांत गॅसचा बॉयलर काढून हवेतली उष्णता ओढणारा पंप बसवला जात आहे. आपला फ्रिज आतली उष्णता काढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो, हा पंप त्याच्या उलट बाहेरच्या गार हवेतली ऊब गोळा करून घरात आणतो. एक युनिट वीज खर्चून तीनेक युनिटांइतकी उष्णता मिळू शकते, म्हणून सरकारचा त्यावर भर आहे. पण घराच्या भिंती आणि छत गळके असतील, म्हणजे आतली ऊब सहज बाहेर जात असेल, तर पंप रात्रंदिवस पळतो आणि बिल वाढते. शिवाय हा पंप संथपणे, सतत चालवायचा असतो. हे ज्यांना कोणी सांगितले नाही ते जुन्या सवयीने थंडी वाजली की लावतात, ऊब आली की बंद करतात, आणि महिनाअखेर डोक्याला हात लावतात. कोकणातली कित्येक मुस्लिम कुटुंबे तिकडे स्थायिक आहेत. त्यांच्या नात्यातल्यांना हे ऐकून माहीत असेल.

आपल्याकडचा एसी म्हणजे तेच यंत्र, उलट्या दिशेने चालणारे. आणि चूकही तीच. तापलेल्या स्लॅबखाली एसी बसवला तर तो रात्रभर छतातून उतरणारी उष्णता उपसत राहतो. भोक पडलेल्या नावेतून पाणी उपसण्यासारखेच ते. एक टनाचा एसी तासाला साधारण एक युनिट वीज घेतो. रोज आठ तास धरले तर महिन्याला 240 युनिट झाले. महावितरणचा दर पहिल्या 100 युनिटांना एक आणि त्यापुढे 300 पर्यंत बराच वरचा. बिड्या वळणाऱ्या घराला हे झेपत नाही. याच तालुक्यात एनटीपीसीचे 1,320 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र आहे. वीज दाराशी तयार होते, पण बिल सगळ्यांसारखेच येते.

मग उरतो कूलर. सोलापूरच्या कोरड्या हवेत कूलर खरोखर चांगला चालतो, कारण पाणी हवेत विरताना हवेतली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका गारवा जास्त. जूनमध्ये पाऊस पडून हवा दमट झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो. यात यंत्राचा दोष नाही. अडचण वेगळीच आहे. दिवसभर चालला तर कूलर चार-पाच घागरी पाणी सहज पितो. सोलापूर शहराला पाणी सुमारे 110 किलोमीटरवरच्या उजनी धरणातून येते आणि नळाला ते रोज येत नाही, चार-पाच दिवसांनी येते ही शहराची जुनी तक्रार आहे. ज्या घरात वुजूचे पाणीही तांब्याने मोजून घेतले जाते तिथे कूलरला घागरी ओतताना बाईचा हात अडखळतो.

आधी छप्पर

म्हणून सुरुवात छतापासून करावी. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे गच्चीला चुना. पांढरा रंग ऊन परतवतो, काळवंडलेले काँक्रीट ते पिते. पांढऱ्या छताखालच्या खोलीत दोन-तीन अंशांचा फरक सहज पडतो. ऐकायला तो थोडा वाटतो, पण रात्री झोप लागणे आणि न लागणे एवढ्यावरच ठरते. अहमदाबादमध्ये 2010 च्या भीषण उष्णतेच्या लाटेनंतर महानगरपालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छते पांढरी करण्याचे काम तिथे झाले. सोलापूरच्या पद्मशाली कुटुंबांचे सोयरेधायरे ज्या तेलंगणात आहेत, त्या राज्याने तर 2023 मध्ये थंड छतांसाठी वेगळे धोरणच जाहीर केले.

काम अवघड नाही. फेब्रुवारी-मार्चमध्येच गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून घ्याव्यात. चुना रात्रभर भिजवून गाळून घ्यावा, त्यात थोडा फेविकॉल किंवा पांढरे सिमेंट मिसळावे म्हणजे तो धरून राहतो. ऊन उतरल्यावर दोन-तीन हात द्यावेत. डोळे आणि हात जपावेत, चुना भाजतो. दर वर्षी हे पुन्हा करावे लागते. गच्चीवरची पाण्याची टाकीही झाकावी किंवा पांढरी करावी, नाहीतर संध्याकाळच्या वुजूला उकळते पाणी येते.

पण मजल्याच्या इमारतीत गच्ची कोणाची? तापते ती फक्त वरच्या मजल्याच्या डोक्यावर. खालचा म्हणतो, माझ्या घरात तर बरे आहे, मी पैसे का देऊ? इथे खरी कसोटी आहे. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनमध्ये किती मोठा मानला आहे हे आपण सगळे जुम्याच्या बयानात ऐकतो. हमसाया म्हणजे एका सावलीत राहणारा. वरच्या मजल्यावरची तेलुगू अम्मा असो की आपली खाला असो, तिच्या छताच्या चुन्यासाठी खालच्या घराने चार पैसे काढणे हा त्या हक्काचाच भाग आहे. कुंभारीत सगळ्या जातीधर्मांची घरे भिंतीला भिंत लावून आहेत. ऊन कोणाची जात विचारत नाही, चुन्याच्या वर्गणीनेही विचारू नये.

खिडकी, पडदा आणि हवा

आपल्या घरांत आणखी एक गोष्ट असते: खिडकीचा पडदा. समोरासमोर इमारती आहेत, बायकांचा वावर आहे, म्हणून जाड पडदे दिवसरात्र ओढलेले. पर्दाही हवा आणि वाराही हवा, तर पडदा आतून लावण्याऐवजी खिडकीच्या बाहेरून बांबूची चिक किंवा चटई सोडावी. आतून लावलेला पडदा ऊन काचेतून आत आल्यावर अडवतो, तोवर खोली तापलेली असते. बाहेरची चिक ऊन बाहेरच थांबवते, तिच्या फटींतून वारा येतो आणि बाहेरच्याला आतले दिसत नाही. जुन्या वाड्यांच्या जाळ्या हेच काम करत. पश्चिमेच्या खिडकीला तर हे आधी करावे.

सकाळी आठ-नऊनंतर बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम असते, तेव्हा खिडक्या मिटाव्यात. सूर्य मावळल्यावर सगळ्या उघडाव्यात. कूलरचे मात्र उलटे. तो लावला की समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे हवेच. पुष्कळ घरांत एसीसारखे सगळे बंद करून कूलर लावतात, मग आतली हवा ओलीचिंब होते आणि कूलर थंडच करत नाही अशी तक्रार होते. कूलरचे पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण काढून टाकी घासावी, कारण डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. पाणी भरताना प्लग काढावा, आणि अर्थिंग आहे का ते वायरमनकडून तपासून घ्यावे. ओला पत्रा आणि उघडी वायर यांनी जीव जातो, आणि तो बहुधा घरातल्या मुलाचा जातो.

एसी घ्यायचाच असेल तर छताला चुना लागल्यावर घ्यावा आणि 24 ते 26 अंशांवर ठेवून पंखा लावावा. 1 जानेवारी 2020 पासून देशातले स्टार रेटिंगचे एसी 24 अंशांवरच सुरू होतात, ते काही उगाच नाही. जुना पंखा 70-75 वॉट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीसेक वॉट. दिवसरात्र पंखा चालणाऱ्या घरात हा फरक बिलात दिसतो.

जी घरे अजून बांधायची आहेत

घरातली बाई एवढे करील. पण सगळे तिच्यावरच टाकू नये. चुना दर वर्षी लावावा लागतो, कारण छत बांधतानाच पांढरे, उष्णतारोधक केलेले नसते. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने 2018 मध्ये इको निवास संहिता आणली. छतातून आणि भिंतींतून घरात किती उष्णता यावी याची मर्यादा तिच्यात घातली आहे. पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात 2024 पासून शहरी भागात एक कोटी कुटुंबांना घरासाठी मदत देण्याचे ठरले आहे. त्यातली घरे आपल्या शहरात येतील तेव्हा संस्थेच्या बैठकीत जाऊन विचारावे: छताला काय लावणार? पश्चिमेच्या भिंतीला सावली आहे का? खोलीला समोरासमोर दोन खिडक्या आहेत का? झाडे कुठे लावणार? हे प्रश्न विचारायला इंजिनिअर असावे लागत नाही. आणि ते बायकांनी विचारावेत, कारण घरात दिवसभर त्याच असतात.

कुरआनच्या सूरह नहलमध्ये अल्लाहच्या नेमती सांगताना घराचा उल्लेख विसाव्याची जागा म्हणून येतो, आणि लगेच पुढे सावलीचा आणि उष्णतेपासून वाचवणाऱ्या वस्त्रांचा. ऊन फार कडक असेल तर जुहरची नमाज थोडे थंड होईपर्यंत लांबवण्याची हिदायत हदीसमध्ये आहे. म्हणजे उष्णतेचा त्रास आपला दीन मानतो. तो मुकाट सोसत राहणे म्हणजेच सब्र, असे कोणी समजू नये.

2019 मध्ये रमजान मे महिन्यात होता. सोलापुरातल्या रोजेदारांना ते दिवस आठवत असतील. दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकत रमजान आता थंडीकडे निघाला आहे. साधारण 33 वर्षांचा फेरा पूर्ण करून 2050 च्या आसपास तो पुन्हा भर मे महिन्यात येईल. तेव्हा कुंभारीच्या या घरांत आज दप्तर पाठीला लावून शाळेत जाणाऱ्या मुली सहेरीला उठतील, त्यांच्या आया म्हाताऱ्या झालेल्या असतील. तोवर ऊन कमी होईल असे कोणी म्हणत नाही. छत पांढरे असावे, दारात लावलेला कडुनिंब मोठा झालेला असावा, आणि रात्र सरत नाही असे त्या घरात कोणाला म्हणावे लागू नये. तशी तौफिक अल्लाह आपल्याला देवो. आमीन.